मामांचे राखाडी पाइप

लग्न होऊन मी सावेडीतल्या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात भिंती दाखवल्या. देवघर, माळा, धान्याच्या कोठ्या हे सगळं सासूबाईंनी आधीच दाखवलं होतं. सासऱ्यांच्या वाट्याला भिंती उरल्या होत्या. "हितं खिळा मारायचा न्हाई. हितं मारला तर चालंल, पर बारका. आन् ह्या कोपऱ्यात बोट बी लावायचं न्हाई." मी नवी नवरी, मान हलवत मागे फिरत होते. मला वाटलं, या लोकांनी भिंतीत सोनं पुरलंय. भिंतीत पाण्याचे पाइप होते.

आमच्याकडे सून सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्या. मामा कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात फिटर होते. उभा जन्म लोखंडी पाइपांशी भांडण्यात गेला. लोखंड गंजतं, जोडातून वाफ गळते आणि त्या जोडाखाली उभं राहून साहेब फिटरला बोलतात. त्यातून त्यांचं एक मत तयार झालं होतं आणि ते कुणी न विचारता सांगायचे: पाइप कधी फुटत नाही, फुटतो तो जोड. सावेडीत घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, त्या काळात त्यांनी तिथं घर बांधायला काढलं. पाण्याच्या कामाला मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आणि तिथंच त्यांनी एक चूक केली. ती चूक करायला माणूस शेतकऱ्याच्या घरात जन्मावा लागतो आणि कारखान्यात फिटर व्हावा लागतो. गावाकडे शेतात पाइपलाइन टाकताना जोडाचे सुटे भाग कोणी विकत आणत नाही. उसाचं वाळलेलं पाचट पेटवायचं, प्लास्टिकच्या पाइपचं तोंड त्या जाळावर फिरवून मऊ करायचं, दुसरा पाइप त्यात रेटून घुसवायचा आणि वरून ओलं फडकं गुंडाळायचं. झाला जोड. वळण हवं असेल तर पाइपात वाळू भरून तापवायचा आणि गुडघ्यावर वाकवायचा. शेतात हे झकास चालतं, कारण गळलं तरी पाणी उसालाच जातं. मामांनी हीच विद्या घराच्या भिंतीत घातली. शेतीमालाच्या दुकानातून राखाडी पाइप आणले आणि अख्ख्या घरात एकही एल्बो, म्हणजे वळणाचा तयार तुकडा, न वापरता पाणी फिरवलं. एल्बो म्हणजे दोन जोड, आणि जोड म्हणजे शत्रू, असा हिशेब. तापवून ताणलेला पाइप त्या जागी पातळ होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यांनी आत्यांना सांगितलं नसेल.

काम दिसायला इतकं सुबक होतं की गल्लीतल्या सात-आठ घरांनी आपापल्या भिंतींत तेच करून घेतलं. मामा सुट्टीच्या दिवशी गावाहून टेम्पोतून पाचट आणायचे आणि लोकांच्या अंगणात पेटवायचे. मोबदला म्हणून चहा घ्यायचे, तोही बिनसाखरेचा. साखर कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला साखरेचं काय कौतुक.

पुढची सगळी वर्षं आमची गल्ली गळत राहिली. मध्यंतरी शहराचं नाव बदललं, पाइप तेच राहिले. ज्याच्या घरात गळायचं तो मामांना हाक मारायचा, मामा जाऊन तो जोड पुन्हा करायचे आणि त्याच्या शेजारची जागा काही दिवसांनी गळायला लागायची. कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार फक्त माझी होती, पण माझी तक्रार बहुतेक गोष्टींबद्दल असते.

चार वर्षांपूर्वी आत्या गेल्या. मामांनी व्हरांड्यातली खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तिच्यात बसले. पुढ्यातल्या भाकरीतली अर्धी परत यायची. आमच्या ह्यांनी गप्पा मारून पाहिल्या, टीव्ही व्हरांड्यात आणून ठेवला, मामांनी तो बंद करून ठेवला. त्या खुर्चीतून त्यांना फक्त एक गोष्ट उठवू शकायची. फाटकातून हाक यायची, "भाऊ, नळ गळतोय!" मग मामा रेक्झिनची पिशवी घ्यायचे. तिच्यात करवतीचं पातं, सोल्युशनचा डबा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या असायच्या. तास-दीड तासानं परत यायचे आणि त्या दिवशी अख्खी भाकरी खायचे.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मी त्याचा अर्थ मात्र साफ उलटा लावला. मला वाटलं, गल्ली या म्हाताऱ्याला फुकटात राबवून घेते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, भर उन्हात दुसऱ्याच्या मोरीत उकिडवा बसतो, आणि या लोकांना एक प्लंबर बोलवता येत नाही! एके दिवशी बाजारातून येता येता माझा पारा चढला. मी समोरच्या काकूंच्या फाटकात उभी राहिले. या काकू शाळेत गणित शिकवायच्या, आता एकट्याच राहतात, मुलं पुण्याला. मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, तुम्हाला दर पंधरा दिवसांनी त्यांनाच कसं बोलवावंसं वाटतं? त्यांचं केलेलं काही टिकत नाही, एवढंही कळत नाही का तुम्हाला? त्यांना आता घरी बसू द्या."

काकूंनी एकदा मागे, घराच्या दिशेनं पाहिलं. मी घरी आले आणि मला बरं वाटलं. भांडण करून आल्यावर मला नेहमीच बरं वाटतं, तासभर.

त्यानंतर मला तरी हाक ऐकू आली नाही. मामा पुन्हा खुर्चीत बसले ते बसलेच. तीन महिन्यांत त्यांचे गाल आत गेले. भाकरी अर्धीची चतकोर झाली. आम्ही डॉक्टरकडे नेलं, त्यांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक म्हणाले आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. आमचे हे मला एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "बाबा असेच संपणार का गं?" मी त्यांना चूप म्हणाले. पण मला तीच भीती वाटत होती.

त्याच सुमारास आमच्या ह्यांनी गच्चीवर सोलर बसवला. उद्देश चांगला होता, मामांना आंघोळीला कढत पाणी मिळावं. ते कढत पाणी त्याच राखाडी पाइपातून खाली आलं. राखाडी पाइपाला कढत पाण्याची सवय नसते. माळ्यावरून जाणारा पाइप आधी मऊ पडला, मग ओल्या शेवईसारखा लोंबला आणि एका दुपारी फुटला. पाइपाखाली बाजरीचं पोतं होतं. खाली ओल दिसून आम्ही वर चढेपर्यंत दोन दिवस गेले होते आणि बाजरीला मोड आले होते. मी मोड आलेली बाजरी पाहिली आणि ठरवलं की आता या घरातला एकूण एक राखाडी पाइप काढायचा.

प्लंबर श्रीरामपूरकडचा होता, पन्नाशीचा, बडबड्या. त्यानं माळ्यावर चढून पाइपाला नख लावलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. अंगठ्यानं दाबलं, पाइप दबला. मग पान्यानं ठोकत ठोकत अख्खं घर ऐकलं. "ताई, ह्यो शेतीचा माल हाय. थंड पान्याला, ते बी जमिनीत गाडून. गरम पान्याला हा नवीन येतो ना, मलई रंगाचा, त्योच पायजे. हा तापून तापून खडू झालाय." एवढ्यात त्याला मामांनी वाकवलेलं एक वळण सापडलं. बॅटरी धरायला कोणी नव्हतं म्हणून मी मामांना हाताला धरून उठवून आणलं होतं, आणि ते खाली उभे राहून बॅटरी धरत होते. प्लंबर वरून म्हणाला, "आयला, एक बी एल्बो न्हाई! हे कुन्या येड्यानं केलंय ओ बाबा?"

मामांचा बॅटरीचा हात हलला नाही. "हुता एक," ते म्हणाले.

मी मधे पडायला तोंड उघडलं, पण प्लंबर थांबणारा नव्हता. "ह्या गल्लीत सगळीकडं त्याचंच काम हाय वाटतं. समोरच्या मॅडमचं मीच बदललं, दोन वर्सं झाली. त्यांच्या शेजारचं, कोपऱ्यावरचं... सहा घरं केली मी. पर ह्या लोकांची एक गंमत हाय. सगळं बदलायचं आन् मागच्या दाराचा एक नळ तसाच जुन्या पाइपावर ठेवायचा म्हनायचे. का, तर म्हने असू द्या."

मामांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

मी प्लंबरला चहा दिला आणि तडक समोर गेले. काकूंनी मला आत घेतलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवत होते. ओट्याखाली मलई रंगाचा पाइप होता, नीट, एल्बो लावलेला. मागच्या दाराला राखाडी पाइपावर एक नळ होता. तो कोरडा ठणठणीत होता.

"काकू, हा गळायचा कसा?" मी विचारलं.

"मी ढिला करायचे," काकू म्हणाल्या. त्यांनी कोथिंबिरीच्या कुंडीमागून एक पाना काढून दाखवला. "तुझ्या सासूबाई गेल्यावर भाऊ गेटाबाहेर यायचे बंद झाले. एकदा माझा नळ खरंच गळला, त्यांना बोलावलं, तर बसले तासभर, चहा घेतला, सासूबाईंच्या भाकरीबद्दल बोलले. मग मी भिशीत विषय काढला. तुम्ही सगळे भाऊंना घेऊन उसाच्या तोडीला गावी गेला होता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाइप बदलून घेतले आणि एकेक नळ जुना ठेवला. दर भिशीला चिठ्ठी काढायचो. ज्याची निघेल, त्याच्या घरचा नळ त्या आठवड्यात गळायचा."

मी भिशीत नव्हते. पूर्वी होते, पण पोह्यांत दाणे किती घालायचे यावरून वाद झाला आणि मी बाहेर पडले होते.

"मग बंद का केलं? मी बोलले म्हणून?" मी म्हणाले. "काकू, माझं चुकलं. तुम्ही बोलवा पुन्हा. रोज बोलवा."

काकूंनी पाना खाली ठेवला. "अगं, आम्ही कुठे बंद केलं? त्यानंतरही तू घरात नसताना मी दोनदा हाक मारली, कोपरेवाल्यांनीही मारली. तेच येत नाहीत. तू ज्या दिवशी फाटकात येऊन बोललीस ना, त्या दिवशी भाऊ इथंच होते. याच नळाशी बसले होते. सगळं ऐकलं त्यांनी. नंतर हाक मारली तर म्हणाले, सून म्हणते ते बरोबर आहे, चांगला कारागीर बोलवा."

'त्यांचं केलेलं काही टिकत नाही.' मी हे वाक्य गणिताच्या बाईंना ऐकवलं होतं आणि ते ऐकलं होतं दुसऱ्याच माणसानं. पंचवीस वर्षांत तो माणूस मला एक शब्द वावगा बोलला नव्हता. माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा तापलेल्या पाण्याच्या बादल्या मोरीपर्यंत त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या. मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

घरी परतले तर प्लंबर डोक्याला हात लावून बसला होता. त्यानं तीन ठिकाणी भिंत फोडली होती आणि एकाही ठिकाणी पाइप लागला नव्हता. सरळ माणूस पाइप सरळ नेतो, मामांनी जिथं वळवता येईल तिथं वळवला होता. "ताई, असं केलं तर घर खाली बसंल. ज्यानं केलं त्यालाच इचारा, जिता असंल तर."

"आहे," मी म्हणाले.

मामा खुर्चीत भिंतीकडे तोंड करून होते. मी त्यांच्यासमोर, म्हणजे भिंतीला पाठ लावून, खाली फरशीवर बसले. असं मी कधी बसले नव्हते. म्हटलं, "मामा, पाइप कुठून गेलेत ते दाखवता का?"

"फोडा की सगळं," मामा म्हणाले. "काय टिकत तर न्हाईच."

माझं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला रडू फुटलं. मी हुशार बाई आहे, भांडायला मला शब्द शोधावे लागत नाहीत, माफीला मात्र शोधावे लागले. शेवटी म्हटलं, "मामा, मी चुकले. त्या दिवशी तुम्ही तिथे आहात हे मला माहीत नव्हतं. पण नसतात तरी मी तसं बोलायला नको होतं. मला राग फार येतो."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "पंचवीस वर्सं बघतोय की."

आतून प्लंबरच्या ठोकण्याचा आवाज येत होता. चौथ्या ठोक्याला मामांच्या कपाळाला आठी पडली. "तिथं काय ठोकतोय त्यो? तिथं काय बी न्हाई." आणि मग, "खडू हाय का घरात?"

पुढचे दोन दिवस मामांनी घराच्या भिंतींवर खडूनं रेघा ओढल्या. देवघरामागून, मोरीच्या बाजूनं, जिन्याखाली, दाराच्या चौकटीला वळसा घालून. कुठेही थांबून आठवावं लागलं नाही. प्लंबर रेघेवर भिंतीत चर पाडायचा आणि पाइप बरोबर तिथंच निघायचा, बोटभरही इकडे-तिकडे नाही. पहिल्या दुपारपर्यंत प्लंबरची बडबड कमी झाली आणि तो मामांना 'बाबा'वरून 'मिस्तरी' म्हणायला लागला. कुणा येड्यानं केलं, हा प्रश्न त्यानं परत विचारला नाही. त्याला उत्तर कधी कळलं, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात जुन्या पाइपांचा ढीग पडला होता. प्लंबरनं त्यातला एक जोड उचलला आणि दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. सुटेना. पायाखाली धरून ओढला, तरी सुटेना. शेवटी करवत लावली. "मिस्तरी, बगा," तो म्हणाला, "एक बी जोड सुटल्याला न्हाई. सगळीकडं जोडाच्या बाजूला पाइप चिरलाय."

मामांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवला. जन्मभराचं मत समोर उलटं होऊन पडलं होतं. "म्हंजी पाइप हलका हुता," ते म्हणाले. चुकीचा पाइप कोणी आणला होता, हा विषय कोणी काढला नाही. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी एक भाकरी खाल्ली आणि चटणी वाढून घेतली.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. मलई रंगाचे पाइप, जागोजाग एल्बो, सोलरचं कढत पाणी थेट मोरीत. काही गळत नव्हतं. आणि मामा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची या वेळी थोडी तिरकी होती, अर्धी भिंतीकडे आणि अर्धी गल्लीकडे. या घरात आता मामांना बोलवायला काही उरलं नव्हतं.

मी चहा घेऊन गेले. म्हटलं, "मामा, काकू बोलावतात तर जात का नाही?"

मामांनी चहा फुंकला. "तिचा नळ काय गळत न्हवता पोरी. ढिला केल्याला असायचा. चावीवर पाना लावल्याचे वरखडे दिसायचे. कोपऱ्यावरच्या घरात तर नळाला नवा वायसर हुता आन् तरी गळत हुता. मी फिटर हाय. मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग तरी जायचात?"

"जायचो." मामा गल्लीकडे पाहत होते. "घरात बसलं की तुजी आत्या स्वयंपाकघरात हाय असंच वाटतं. भांडं वाजलं की हाक माराया तोंड उघडतं. नळ आवळत बसलं की तेवढा येळ ती न्हाई हे ध्यानात राहतं. त्या बायकांना वाटायचं मी इसराया येतो. मी तर ते ध्यानात ठिवाया जायचो."

मी कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं मी एकही भांडं न वाजवता बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर गेले. भिशीत परत घ्या म्हणाले, आणि दाण्यांचं तुम्ही म्हणाल तसं. काकूंनी दारातून बाजूला होऊन मला आत घेतलं. पाना कोथिंबिरीच्या कुंडीमागेच होता. मागचा नळ मीच ढिला केला. आधी कमी ढिला झाला, मग जास्त, आणि माझी साडी भिजली.

तशीच ओली घरी आले. "मामा, काकूंचा नळ गळतोय."

मामांनी माझ्या साडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "किती गळतोय?"

"लई गळतोय," मी म्हणाले.

मामा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि पायानं चप्पल चाचपू लागले. मी आतून रेक्झिनची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली.